ओल्या केसांची फिर्याद

अल रीम आयलंड, अबू धाबी
सोमवार, २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ११

श्रीमती पाल्मिराबाई यांस,

आज सकाळी आठ वाजून अकरा मिनिटांनी, म्हणजे तुमच्या इटलीत सहा वाजून अकरा मिनिटांनी, तुम्ही निळा झगा घालून न्हाणीघरात शिरलात, माझ्या नातीच्या पायाखालचा टोमॅटो काढून घेतलात, गरम पाण्याचा नळ बंद केलात आणि चालू व्हिडिओ फोनमध्ये तोंड घालून मला उद्देशून "व्हेर्गोन्या!" असं ओरडलात. या प्रकाराला दोन साक्षीदार आहेत, माझा मुलगा कुणाल आणि सून सुलक्षणा. दोघांचाही उपयोग नाही, कारण दोघंही हसत होते.

मी मनोरमा जगन्नाथ सामंत, शाळेच्या अदलाबदलीत तुमच्या घरी राहायला आलेल्या गिरिजाची आजी. वय एकाहत्तर. कोर्टात अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे तारीख आणि वेळ लिहून ठेवायची सवय आहे. तुम्हाला इंग्रजी येत नाही असं समजलं, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. सुलक्षणा फोटो काढून पाठवेल, गिरिजा तुम्हाला ते तुमच्या भाषेत वाचून दाखवेल, आणि मूळ प्रत पोस्टाने येईल. फोनमध्ये भाषांतराची सोय असते म्हणे. पण त्या यंत्राला राग येत नाही. शिवाय ही गिरिजाची शिक्षा आहे. गिरिजा, एकही शब्द गाळायचा नाही. उभं राहून वाच.

तर बाई, आज नरकचतुर्दशी. आज सूर्य उगवायच्या आत अंगाला तेल-उटणं लावून न्हायचं असतं. जो न्हात नाही तो नरकात जातो. हे मी ठरवलेलं नाही. न्हाताना कारीट नावाचं एक कडू फळ पायाखाली चिरडायचं, म्हणजे नरकासुर मेला. माझं सासर वेंगुर्ल्याचं, तिथे कुंपणावर कारिटं लटकत असतात. अबू धाबीत ती मिळत नाहीत. आठ वर्षं आम्ही चेरी टोमॅटोवर भागवतो. नरकासुराला अजून फरक कळलेला नाही. गिरिजाला मी सांगितलं होतं, इटलीत आणखी काही मिळो न मिळो, टोमॅटो मिळेल.

तुमच्या देशात टोमॅटोचा काय मान आहे ते मला ठाऊक नव्हतं असं समजू. पण तुम्ही तो उचललात, धुतलात, पुसलात आणि खिशात घातलात. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या झग्याबद्दलही बोलते. आमच्या कोर्टाच्या खिडक्यांना अगदी त्याच कापडाचे पडदे होते.

आता मुख्य मुद्दा. डोक्याला तेल चोपडलेली माझी नात, जी तुम्हालाही तुमच्या भाषेत आजी, म्हणजे नॉन्ना, म्हणते, ती मला काय म्हणाली? "आजी, नॉन्ना सेज नो वेट हेअर इन द मॉर्निंग. आय विल वॉश इट इन द ईव्हनिंग, ओके?"

ओके नाही. आठ वर्षं मी या मुलीला सांगत आले की ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस. आठ वर्षं तिने मला ऐकवलं, "आजी, दॅट्स नॉट हाऊ व्हायरसेस वर्क." आणि तुम्ही सात आठवड्यांत एकदा सांगितलंत आणि तिने ऐकलं! तेही वर्षातून ज्या एका दिवशी ओलं डोकं हवं, त्या दिवशी!

इटालियन माणसं मला नवीन नाहीत. धुळ्याला कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं मी तुमच्याच देशच्या सिस्टर अगोस्तिनांच्या हाताखाली काढली आहेत. मला तुमच्या भाषेतले तीन शब्द येतात. सिलेन्झिओ म्हणजे गप्प, अवांती म्हणजे पुढे चला, आणि तिसरा तुम्ही आज वापरलात. म्हणजे, लाज वाटू दे! तो शब्द आला की पाठोपाठ तळहातावर पट्टी यायची. आज साठ वर्षांनी माझा हात आपोआप पाठीमागे गेला. सुलक्षणाने पाहिलं.

गिरिजाचा मुक्काम वीस डिसेंबरला संपतो. तो जूनपर्यंत वाढवावा असं तिचं म्हणणं आहे. फॉर्म बारा डिसेंबरपर्यंत जायला हवा, आणि कुणाल म्हणतो, आजीचा होकार असेल तरच सही करीन. मी होकार द्यायच्या बेतात होते. आता नाही. तुमची लेखी दिलगिरी आल्यावर बघू.

मनोरमा सामंत

*

अबू धाबी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

श्रीमती पाल्मिराबाई यांस,

तुमचं उत्तर गिरिजाच्या अक्षरात मिळालं. अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी तिने मराठीत पाच ओळी सलग लिहिल्या, हीच मी माझी दिवाळीची भेट समजते.

उत्तर मात्र मला कळलं नाही. तुम्ही माझे आभार मानता. कशाबद्दल? झगा आवडला म्हणून तसा शिवायचा कागदी बेतही पाठवता? मला झगा आवडला असं मी कुठे लिहिलं होतं? दिलगिरीचा तर शब्दच नाही. "सणाच्या शुभेच्छा, टोमॅटो सॉसमध्ये घातला, वाया गेला नाही." नरकासुराचा सॉस करून तुम्ही सगळ्यांनी जेवलात, एवढाच याचा अर्थ.

उत्तराला उशीर झाला, कारण मी कामात होते. मान किंचित धरली आहे, ते सोडा. बाविसाव्या मजल्यावरच्या तहसीनबाई रोज सुंठीचा काढा घेऊन येतात. रत्नागिरीच्या आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी तुमची बाजू घेतली. म्हणाल्या, "मनोरमाताई, बाईचं बरोबरच आहे ना? थंडीत पोरीचं डोकं भिजवतात काय?" मी काढा पिऊन टाकला आणि विषय बदलला.

गिरिजाच्या रोजच्या बातम्या मला कळत असतात. मी तिच्याशी बोलत नसले तरी ती सुलक्षणाला पाठवते आणि सुलक्षणा मुद्दाम मोठ्याने ऐकते. मुलगी सकाळी दुधात बिस्किटं बुडवून खाते आणि त्याला तुम्ही नाश्ता म्हणता. इथे दोन घावन्यांसाठी मला हिची समजूत काढावी लागायची. शनिवारीही शाळा आहे, हे उत्तम. इस्त्री न केलेला साधा रुमालसुद्धा तुमच्या घरात कपाटात जात नाही, याबद्दल मला तुमच्याविषयी थोडा आदर आहे. जेवणानंतर तिने दुधाची कॉफी मागितली तेव्हा तुम्ही छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलात, आणि लांब शेवया मोडून पातेल्यात टाकल्या तेव्हा तुमच्या लेकीने, फेदेरिकाने, देवाचं नाव घेतलं. मी असते तर मीही घेतलं असतं. पोळी कात्रीने कापणारी मुलगी आहे ती.

अनवाणी फरशीवर चालू देत नाही असंही ऐकलं. मी तरी वेगळं काय सांगत होते?

मुद्द्यावर येते. मी धुळ्यातलं घर सोडून इथे एकतिसाव्या मजल्यावर राहते ती फक्त या मुलीसाठी. आई-बाप दोघंही सातला बाहेर पडतात आणि सातला येतात. तिला वाढवायला मी आले. अठरा जानेवारीला माझा इथला व्हिसा संपतो, आणि तो पुन्हा काढायचा की नाही असं कुणाल रोज जेवताना विचारतो. मुलगी वीस डिसेंबरला आली तर काढायचा. जूनपर्यंत येणार नसेल तर मी इथे बसून काय करू? समुद्र मोजू? तेव्हा हा फॉर्म तुमच्यासाठी कागद असेल, माझं घरदार आहे त्यात.

दिलगिरीची वाट पाहत आहे.

मनोरमा सामंत

*

अबू धाबी
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

श्रीमती पाल्मिराबाई यांस,

लबाडी उघडी पडली. गिरिजा, आवंढा गिळ आणि वाचत राहा.

फेदेरिकाने सुलक्षणाला इंग्रजीत ई-मेल पाठवला. त्यात असं आहे की, मम्मा अबू धाबीच्या आजीच्या पत्रांची फार वाट पाहते, आणि आजीने तिला "दूरच्या देशातली माझी बहीण" म्हटलं तेव्हा तिचे डोळे भरून आले.

बहीण! मी! सख्ख्या बहिणीला मी असं कधी म्हटलेलं नाही, तिला विचारा.

मग मी चौकशी सुरू केली. सुलक्षणाने फेदेरिकाला फोन लावला आणि कळलं ते असं. माझं पहिलं पत्र आलं तेव्हा गिरिजाने पडद्याच्या कापडाचं "सुंदर निळा रंग" केलं आणि नरकाचं "कुटुंबाची परंपरा" केलं. तुम्हीही काही कमी नव्हतात. माझ्या एका पत्राला तुम्ही ओल्या डोक्यावरून टेबलावर हात आपटून दोन पानं सांगितलीत, आणि या मुलीने त्याच्या पाच ओळी केल्या! म्हणजे महिनाभर आपण दोघी भांडत होतो आणि दोघींनाही पत्ता नव्हता. तुम्हाला वाटलं मी गोड आहे. मला वाटलं तुम्ही बावळट आहात. दोन्ही चूक.

मी चार आठवड्यांनी पहिल्यांदा गिरिजाला फोन केला. म्हणाली, "आजी, आय वॉज जस्ट कीपिंग द पीस."

मी म्हटलं, "शांतता मी मागितली होती का?"

"नॉन्नाने पण नव्हती मागितली," असं मराठीत म्हणाली आणि हसली. मीही हसले असते, पण मान दुखत होती.

तेव्हा आता शपथ. यापुढे जे लिहिलं जाईल ते जसंच्या तसं सांगायचं, दोन्ही बाजूंनी. शपथ म्हटली की ती मलाही लागू, म्हणून एक गोष्ट मी आधी कबूल करते. गिरिजाने ती तुम्हाला सांगितलीच असेल. या घरात काही लपत नाही.

नरकचतुर्दशीला मी पहाटे पाचला न्हाले. गिरिजाला ऐन वेळी फोन करायचा म्हणून तशाच ओल्या केसांनी हॉलमध्ये येऊन बसले. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या बरोब्बर वर एसीचं तोंड आहे. पाच ते आठ. तीन तास. तुमचा फोन संपला तेव्हा माझी मान डावीकडे वळत नव्हती, दुसऱ्या दिवशी ताप आला आणि अकरा दिवस राहिला. डॉक्टरने दीडशे दिऱ्हॅम घेतले, म्हणजे साडेतीन हजार रुपये, आणि मला विचारलं, "मॅडम, वेअर यू सिटिंग अंडर द एसी विथ वेट हेअर?" हा डॉक्टर केरळचा. तुमचा कुणी नातेवाईक नसावा.

सुलक्षणाने त्याचं बिल दिलं. लिफ्टमध्ये म्हणाली, "आई, व्हायरसेस असे काम करत नाहीत," आणि एकतिसावा मजला येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत राहिली.

तुमचं पार्सलही मिळालं. इथे पोस्टमन दारात येत नाही, सगळं कुणालच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये पडतं. लोकरीची कानटोपी नऊ दिवस तिथे पडून होती. बाहेर एकतीस डिग्री आहे. घरात मात्र ही यंत्रं बावीसवर चालतात, आणि मी ती घालून बसते. हे तहसीनबाईंना माहीत नाही, त्या यायच्या आधी मी काढते.

याचा अर्थ मी हरले असा नाही. सणाच्या दिवशी न्हायलाच हवं होतं. केस पुसून. आता तुम्हाला काय बोलायचं आहे ते बोला, आणि ही मुलगी जसंच्या तसं लिहील.

मनोरमा सामंत

*

अबू धाबी
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

श्रीमती पाल्मिराबाई यांस,

तुमचं खरं पत्र काल फोनवर आलं. काल इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी होती. सगळे घरात होते आणि खाली गाड्या झेंडे लावून भोंगे वाजवत होत्या. मी पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीपासून मनात वाचलं. गिरिजाने तुमचे शब्द लिहिले आहेत ते असे:

"बाई, वाळवंटात राहून गारठ्याने आजारी पडणारी तुम्ही मला पहिलीच भेटलात. तीन तास ओल्या डोक्याने यंत्राखाली बसलात आणि मला नरक शिकवता? तुमची नात रोज सकाळी धुक्यातून चार किलोमीटर सायकल चालवत शाळेत जाते. मी त्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडू देणार नव्हते, आणि पुढच्या वर्षीही देणार नाही. आणि एक मला सांगा. ही आमच्याकडे आली तेव्हा तिला रस्ता ओलांडता येत नव्हता. गाडी दिसली की माझा हात धरायची. माझा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीचा! पहिल्यांदा एकटी पाव आणायला गेली तेव्हा धावत परत आली आणि पिशवी डोक्यावर धरून अंगणभर नाचली. सोळा वर्षांच्या मुलीने पाव आणला म्हणून नाचावं? तुम्ही तिला लिफ्टमध्ये वाढवलंत का?"

सायकल! मला कुणी बोललं नव्हतं. मी कुणालकडे पाहिलं तर त्याने पुलावात डोकं घातलं. त्याला सप्टेंबरपासून माहीत होतं. "आई, तू काळजी करत बसली असतीस." काळजी करणं हे माझं काम आहे. ते काढून घेतलं तर राहिलं काय?

मी तुम्हाला आठ उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्या चारांत तुमचा उद्धार होता, तो तुम्ही समजून घ्या. मग मी हिशोब केला की गिरिजा इथे जमिनीवर कधी चालायची? दारातून लिफ्ट, लिफ्टमधून तळघरातलं पार्किंग, गाडीतून शाळेचं फाटक. संध्याकाळी मॉल, तिथे चालते, पण तिथे गाड्या नसतात. खाली कोपऱ्यावर किराण्याचं दुकान आहे. मी फोन करते आणि दूध वर येतं. आठ वर्षांत मी तिला एकदाही म्हटलं नाही की, जा बाई, दूध घेऊन ये. ऊन आहे, गाड्या जोरात येतात, कुणी ओळखीचं नाही. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत आणि ती खोटी नाहीत.

पण मी दहाव्या वर्षी बाबांची सायकल नळीखालून पाय घालून शिकले. गल्ली नंबर चारमधून कॉन्व्हेंटपर्यंत रोज त्याच सायकलवर. आईला पसंत नव्हतं. दोनदा पडले, एकदा म्हशीला धडकले, सिस्टर अगोस्तिनांनी फाटका युनिफॉर्म पाहून पट्टी मारली, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सायकलवर. हे मी गिरिजाला कधी सांगितलं नाही. तिला मी पाढे शिकवले, स्तोत्रं शिकवली, मान ताठ ठेवायला शिकवलं. म्हशीचं नाही सांगितलं.

तुम्ही मला "तुम्हाला लाज वाटायला हवी" असं या पत्रात म्हटलं नाही. त्याबद्दल आभार. म्हणाला असतात तरी मी हात मागे घेतला नसता.

तर कळवायचं असं की कुणालने फॉर्मवर काल संध्याकाळी सही केली. मुलगी जूनपर्यंत तुमच्याकडे राहील. सायकलला पुढे-मागे दिवे असावेत, ब्रेक तुम्ही स्वतः दाबून पाहावेत, आणि धुकं फार असेल त्या दिवशी फेदेरिकाने गाडीने सोडावं. रस्त्याच्या कडेने जाते की मधून, हे एकदा दारात उभं राहून बघा. मी तिथे असते तर पाहिलं असतं. टोमॅटोबद्दल मी माफी मागणार नाही, तुम्हीही मागू नका.

तुमची,
मनोरमा सामंत

गिरिजा, इथून पुढचं वाचून दाखवू नकोस. हे तुला आहे. खुर्चीवर बस.

सही झाली आहे, तेव्हा आता मी जे विचारते त्याचा सहीशी काही संबंध नाही. तू काहीही उत्तर दिलंस तरी जूनपर्यंत तिथेच राहशील. हे आधी सांगते, कारण लाच देऊन घेतलेली साक्ष मी आयुष्यभर फेटाळली जाताना पाहिली आहे.

फोनवर तू मला म्हणालीस, "आजी, आय लव्ह यू, बट हिअर आय कॅन ब्रीद." मी फोन ठेवला आणि सुलक्षणाला म्हटलं, लाइन तुटली. लाइन तुटली नव्हती. नीट ऐकू आलं होतं.

आता हे ऐक. मी इथे तुला वाढवायला आले होते. जूनमध्ये जी मुलगी परत येईल ती एकटी दुकानात जाईल, एकटी रस्ता ओलांडेल, आणि ओल्या केसांचं कुणी सांगायच्या आत स्वतः केस पुसेल. तिला माझी गरज नसेल, हे उघड आहे. मी गरजेबद्दल विचारत नाही. कुणालला विचारलं तर "आई, तू हवीच आहेस" म्हणेल, कारण त्याला डबा लागतो. तुझं उत्तर वेगळं असू शकतं, म्हणून तुला विचारते. जूनमध्ये दार उघडशील तेव्हा आत मी असलेली तुला आवडेन का? की धुळ्याला असलेली, आणि तू सुट्टीत भेटायला येशील ती आजी बरी? दुसरं उत्तर दिलंस तर मी रडणार नाही. थोडी चिडेन, ते मी नाहीतरी असतेच. घर झाडून घ्यावं लागेल, तेवढाच प्रश्न आहे.

व्हिसाचे कागद कुणालला दहा तारखेला द्यायचे आहेत. म्हणून तुझं उत्तर लेखी, मराठीत, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, बुधवार दिनांक १० डिसेंबर रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, म्हणजे तुझ्या घड्याळात दुपारी दोनपर्यंत, फोटो काढून माझ्या फोनवर आलं पाहिजे. आईच्या नाही, माझ्या. हो किंवा नाही, यातला एकच शब्द पुरे. नॉन्नाला विचारून लिहायचं नाही. कुणाचंही मन राखायला एक अक्षर बदलायचं नाही. "ॲज यू विश, आजी" असं आलं तर ते उत्तर धरलं जाणार नाही, आणि मी पाच वाजून एक मिनिटाने पुन्हा विचारीन.

आजी